बाग जाते, पाण्याची वाट राहते

अंबरनाथच्या शिवमंदिरात उत्तरेकडच्या दाराच्या तुळईवर एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो वाचला तेव्हा त्यातला शक त्यांनी ७८२ असा लावला होता. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तोच आकडा ९८२ असा वाचला आणि मंदिराचे वय दोनशे वर्षांनी कमी झाले. शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६०. उत्तर कोकणावर राज्य करणाऱ्या शिलाहार घराण्यातील मुम्मुणी राजाचा हा काळ. काही लेखांत त्याचे नाव माम्वाणी असेही येते.

एका अंकावर इतका खल झाला, कारण हे मंदिर फार पूर्वीच अभ्यासकांच्या नजरेत भरले होते. १८६८च्या सुमारास मुंबई सरकारने त्याची रेखाचित्रे आणि शिल्पांचे साचे करून घेतले. मुंबईच्या कलाशाळेतल्या मंडळींनी ते काम केले. दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरच्या आपल्या ग्रंथात हेन्री कझिन्स यांनीही या मंदिराची दखल घेतली. भूमिज शैलीचे शिखर, तिन्ही बाजूंचे मुखमंडप, खांबांवरचे दाट कोरीवकाम, सुमारे वीस पायऱ्या उतरून जावे लागणारा आणि वर आभाळाला उघडा असलेला गाभारा, या सगळ्यावर बरेच लिहून झाले आहे.

भिंतीच्या बाहेरच्या जमिनीकडे त्या मानाने फार थोड्यांचे लक्ष गेले. मंदिर वालधुनी नदीच्या काठावर उभे आहे आणि शेजारी कुंड आहे. नदीपासून किती अंतर ठेवायचे, कुंड कुठे खणायचे, गाभारा किती खाली न्यायचा, पावसाचे पाणी कुठून काढून द्यायचे, हे सगळे बांधणाऱ्यांनी जमीन पाहूनच ठरवले असणार. त्या काळी देवळाच्या व्यवस्थेत बागायतीलाही मानाचे स्थान होते. याच शिलाहार घराण्यातल्या अपरादित्याचा परळचा शिलालेख शके ११०८चा आहे. वैद्यनाथाच्या पूजेसाठी माहुली गावातल्या एका वाडीच्या उत्पन्नातून २४ द्रम्म, म्हणजे त्या काळची नाणी, नेमून दिल्याची नोंद त्यात आहे. देवाची पूजा आणि शेतवाडीचे उत्पन्न एकाच दानपत्रात बांधलेले होते. तेव्हा देवळाचा विचार करताना त्याच्या भोवतीची झाडे, पाणी, वाटा आणि कुंपणेही विचारात घ्यायला हवीत.

ही झाडे आणि कुंपणे आज दिसत नाहीत. ती शोधायची कशी, याचे एक शास्त्र गेल्या साठ-सत्तर वर्षांत उभे राहिले आहे. त्याला उद्यान-पुरातत्त्व म्हणता येईल.

मातीत काय उरते

बाग ही माणसाने केलेल्या रचनांमधली सर्वांत अल्पायुषी. दोन पावसाळे दुर्लक्ष झाले की रोपे मरतात, पाच वर्षांत वाटा बुजतात, पन्नास वर्षांत तिथे बाग होती हे सांगणारे कुणी उरत नाही. पण बाग करताना माणूस जमिनीला जी इजा करतो, ती जमीन विसरत नाही. चर खणला की मूळ थर तुटतो. खड्ड्यात बाहेरची माती भरली की तिचा रंग आणि पोत आजूबाजूच्या मातीपेक्षा वेगळा राहतो. पाणी वाहते ठेवायचे म्हणून दिलेला उतार शतकांनंतरही मोजता येतो.

इंग्लंडमध्ये फिशबर्न इथे १९६० साली पाण्याची मुख्य वाहिनी टाकताना रोमन काळातला राजवाडा सापडला. बॅरी कनलिफ यांच्या उत्खननात तिथल्या अंगणात नागमोडी चर उघडे पडले. मूळची जमीन झाडांना फारशी अनुकूल नव्हती, म्हणून कुंपणाची झुडपे लावण्यासाठी माळ्यांनी चर खणून त्यांत चांगली माती भरली होती. झुडपे जाऊन जवळपास दोन हजार वर्षे झाली होती, तरी त्या चरांच्या रेषेवरून कुंपणाचा आकार जसाच्या तसा कळला. आज त्याच रेषांवर पुन्हा झुडपे लावलेली आहेत.

इटलीतल्या पॉम्पेईत याहून नाजूक पुरावा मिळाला. इसवी सन ७९मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली शहर गाडले गेले. झाडांची मुळे कुजून गेली आणि त्यांच्या जागी मुळांच्याच आकाराच्या पोकळ्या राहिल्या. विल्हेल्मिना जॅशेम्स्की यांनी त्या पोकळ्या साफ करून त्यांत सिमेंट ओतले. ते घट्ट झाल्यावर भोवतीची माती काढली, तेव्हा मुळाचा ठसा हातात आला. ज्या मोकळ्या जागेला पूर्वी गुरांचा बाजार समजले जात होते, तिथे या पद्धतीने दोन हजारांहून अधिक द्राक्षवेलींच्या जागा मिळाल्या आणि तो मोठा द्राक्षमळा होता हे सिद्ध झाले.

कधी कधी खणावेही लागत नाही. २०१८च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये कडक दुष्काळ पडला आणि चॅट्सवर्थ या जुन्या वाड्याच्या हिरवळीवर सतराव्या शतकाच्या अखेरीस आखलेल्या बागेची संपूर्ण नक्षी उमटली. जुन्या वाटांवरचे आणि वाफ्यांवरचे गवत एकाच वेगाने सुकले नाही, आणि त्या फरकातून वाटांच्या रेषा, वाफ्यांचे वळसे आपोआप दिसू लागले. हाच नियम आपल्याकडेही लागू आहे. पाऊस संपल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात माळावरचे गवत पिवळे पडू लागते. जोत्याच्या दगडावर मातीचा थर पातळ असतो, तिथले गवत आधी करपते. बुजलेल्या चरात किंवा जुन्या हौदात ओल टिकते, तिथले गवत उशिरापर्यंत हिरवे राहते. या पंधरा-वीस दिवसांत उंचावरून घेतलेले छायाचित्र उत्खननाआधीचा नकाशा ठरू शकते.

यमुनेपलीकडचा अष्टकोन

भारतात या शास्त्राचे सर्वांत ठसठशीत उदाहरण आग्र्याला, ताजमहालासमोर यमुनेच्या पलीकडच्या तीरावर आहे. तिथल्या पडीक जागेत शाहजहान स्वतःसाठी काळा ताज बांधणार होता, अशी दंतकथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात होती. १९९०च्या दशकात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तिथे उत्खनन केले. पुराच्या गाळाखाली २५ कारंज्यांचा मोठा अष्टकोनी हौद मिळाला. ताजचे प्रतिबिंब पडावे अशा बेताने आखलेली ती चांदणीबाग होती, मेहताब बाग. एलिझाबेथ मॉयनिहन यांनी त्यावर पुस्तक संपादित केले.

या शोधाला एक कागदी दुवाही होता. १६५२च्या डिसेंबरात दख्खनच्या वाटेवर असताना औरंगजेबाने शाहजहानला पत्र लिहून मेहताब बाग पुराच्या पाण्यात बुडाल्याचे कळवले होते. अष्टकोनी हौद मात्र शाबूत असल्याचेही त्याने लिहिले होते. पत्र साडेतीनशे वर्षे दप्तरात होते आणि हौद तितकीच वर्षे गाळाखाली होता. दोन्ही एकत्र वाचल्यावर दंतकथा मागे पडली.

दिल्लीच्या हुमायूनच्या कबरीभोवतीची चारबाग १९९७ ते २००३ या काळात पूर्ववत करण्यात आली, तेव्हा मातीखालच्या खापरी नळ्यांचे तुकडे आणि पाटांचे मूळ तळ हाती लागले. तिथल्या दगडी पाटांना दर ४० मीटरला जेमतेम एक सेंटिमीटर उतार आहे. पंपाशिवाय पाणी खेळते ठेवायचे, तर इतकी बारीक पातळी दगडात साधावी लागते. झाडे पुन्हा लावता येतात, पण हा उतार मोडला की बाग कायमची गेली.

महाराष्ट्रातल्या पुसलेल्या बागा

अहिल्यानगरचा फराहबाग पाहणाऱ्याला आज कोरड्या खोलगट जमिनीत उभी असलेली दुमजली अष्टकोनी इमारत दिसते. निजामशाहीत १५८३ साली ती पूर्ण झाली, तेव्हा ती तलावाच्या मधोमध होती आणि भोवती बाग होती. पाणी दूरवरून खापरी नळाने आणले जाई. शहराच्या दुसऱ्या टोकाला, सावेडीकडे, याच घराण्याच्या हश्त बिहिश्त बागेचे अवशेष आहेत. तिथेही हौद आणि मधोमध अष्टकोनी महाल. दोन्ही ठिकाणची झाडे, वाफे, वाटा गेल्या. हौदांच्या कडा आणि नळांचे मार्ग राहिले, आणि त्यांवरूनच बागेचा विस्तार ताडता येतो.

खापरी नळाची रचना समजून घेण्यासारखी आहे. भाजलेल्या मातीच्या या नळीचे एक तोंड रुंद आणि दुसरे निमुळते. एका नळीचे निमुळते टोक पुढच्या नळीच्या रुंद तोंडात बसवायचे आणि सांधा चुन्याने बंद करायचा. अशी ओळ दगड-चुन्याच्या आवरणात जमिनीखालून न्यायची. वाटेत ठरावीक अंतरावर उंच मनोरे, म्हणजे उच्छ्वास, उभारायचे. नळात कोंडलेली हवा त्यांतून बाहेर पडते आणि दाब काबूत राहतो. म्हणून नांगराखाली आलेला खापराचा वाकडा तुकडा सहज फेकून देण्यासारखा नसतो. तो कुठे सापडला, हे नकाशावर टिपले आणि असे चार तुकडे एका रेषेत आले, तर पाण्याची जुनी वाट सापडली असे समजावे. छत्रपती संभाजीनगरात मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बांधलेली नहर अशाच तत्त्वावर चालत होती.

पुण्यात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून शहरापर्यंत भूमिगत कालवा आणला. त्याच्या पाण्यावर शहरातले हौद भरत आणि शनिवारवाड्यातली कारंजी उडत. सवाई माधवरावांच्या काळातले हजारी कारंजे १६ पाकळ्यांच्या कमळाच्या आकाराचे आहे आणि त्याला जवळपास दोनशे तोट्या होत्या. १८२८च्या आगीत वाड्याचे लाकडी मजले जळून गेले. पुढे ब्रिटिश अमदानीत ती जागा निरनिराळ्या सरकारी कामांसाठी वापरली गेली. विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात माती उपसली, तेव्हा जोती, हौद आणि कारंज्यांचे चिरे उघडे झाले. आज तिथे जे दिसते, ते बहुतेक सारे त्या उपसलेल्या मातीखालचे आहे.

पर्वतीच्या पायथ्याला उलटा प्रकार घडला. तिथे तळे होते आणि तळ्यातल्या बेटावर गणपतीचे देऊळ. विसाव्या शतकात तळे आटवून तिथे सारसबाग झाली. देऊळ चढावर आणि भोवतीची बाग खोलगटात का, याचे कारण तिथल्या जमिनीच्या पातळीतच आहे.

वालधुनीचा काठ

आता पुन्हा अंबरनाथ. भारतातल्या या सर्व उदाहरणांत शोधाची सुरुवात पाण्यापासून झाली, आणि अंबरनाथला पाणी दोन रूपांत हजर आहे, कुंड आणि नदी. कुंडाच्या तळाचा गाळ हा तिथला सर्वांत मोलाचा दस्तऐवज ठरू शकतो. कोकणात जमीन आलटूनपालटून भिजते आणि सुकते, त्यामुळे उघड्या मातीत परागकण फार काळ टिकत नाहीत. सतत पाण्याखाली असलेल्या, हवा न लागलेल्या गाळात मात्र ते टिकतात. शिवाय गवत, केळी, ताडवर्गीय झाडे यांच्या पेशींत सिलिकाचे सूक्ष्म कण तयार होतात. त्यांना फायटोलिथ म्हणतात. पान कुजले तरी हे कण मातीत राहतात आणि त्यांच्या आकारावरून वनस्पतीचा गट ओळखता येतो. कुंडातून उभी नळी घालून गाळाचा नमुना घेतला, तर काठावर भात होते की केळी, नारळी-पोफळीची वाडी होती की रान, याचा अंदाज बांधता येईल. साफसफाईच्या नावाखाली हा गाळ यंत्राने उपसून टाकला, तर ती संधी गेली.

नदीचेही तसेच. वालधुनी काकोळ्याच्या डोंगरात उगम पावते. त्याच बाजूला ब्रिटिश काळात रेल्वेने बांधलेला जीआयपी टँक आजही आहे. अंबरनाथ आणि उल्हासनगर ओलांडून नदी कल्याणकडे जाते. कारखान्यांचे आणि वस्तीचे सांडपाणी सोसून सोसून आज तिला लोक नालाच म्हणतात. तिचा जुना काठ कुठे होता, देवळाकडे चढणाऱ्या पायऱ्या किंवा बांध होता का, हे काठावरच्या भरावाखाली तपासता येते. बोअरवेल मारण्याआधी पाणी शोधायला जे रेझिस्टिव्हिटी यंत्र वापरतात, तेच यंत्र, जमिनीत रोवायच्या सळ्यांमधले अंतर कमी करून, दोन-तीन हात खोलीवरचे जोते किंवा बुजलेला चर दाखवू शकते. जमिनीत लहरी सोडणारे रडारही उपयोगी पडते, पण ओल्या चिकण मातीत त्याच्या लहरी शोषल्या जातात, म्हणून आपल्याकडे ते एप्रिल-मेमध्ये चालवावे.

राष्ट्रीय संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरच्या पट्ट्यात परवानगी लागते. २०१०च्या दुरुस्तीनंतर हा नियम कडक झाला. त्याच्याकडे बहुधा अडचण म्हणून पाहिले जाते. अंबरनाथसारख्या गजबजलेल्या शहरात मात्र या नियमामुळेच देवळाभोवतीची जमीन अजून वाचण्याजोगी राहिली आहे.

छावणी, धावपट्टी आणि जांभळी

मातीखालची रचना वाचायची सवय लागली की शेजारचे उल्हासनगरही वेगळे दिसू लागते. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ मोठी लष्करी छावणी उभारली गेली. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिच्या बराकींत आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरची पायाभरणी झाली. बराकींमधल्या मोकळ्या पट्ट्यांवर पुढे घरे, दुकाने, कारखाने चढत गेले. मूळ बराकी कमी होत गेल्या, तरी शहर अजून कॅम्प एक ते कॅम्प पाच असेच मोजले जाते आणि पत्त्यात बराक नंबर येतो. रस्त्यांच्या सरळ रेषा आणि प्लॉटच्या हद्दी छावणीच्या आखणीवर बसलेल्या आहेत. इमारत पाडली तरी हद्द सहसा हलत नाही, हा सगळीकडच्या पुरातत्त्वाचा अनुभव इथे अवघ्या पाऊणशे वर्षांत पाहायला मिळतो.

मलंगगडाच्या वाटेवर नेवाळीला त्याच युद्धातली धावपट्टी होती. त्या जमिनीच्या मालकीवरून २०१७ साली शेतकऱ्यांचे मोठे आंदोलन झाले. ज्या जमिनीवर एकदा खडीकरण झाले, तिच्या खुणा वरून शेती दिसत असली तरी गवताच्या रंगात आणि पाण्याच्या निचऱ्यात टिकून राहतात. अशा खुणा मालकीचा निवाडा करत नाहीत, पण कुठली जमीन कधी कशासाठी वापरली गेली, हे सांगायला त्या साक्षीला येऊ शकतात.

बदलापूरला साक्ष झाडांची आहे. इथले जांभूळ पंचक्रोशीत नावाजलेले. जुनी झाडे एका ओळीत, सारख्या अंतरावर असतील, तर ती कुणीतरी लावलेली आहेत, हा साधा ठोकताळा. ओळ अचानक तुटत असेल, तर तिथून वाट, बांध किंवा पाट गेला असावा. सागाच्या खोडात वर्षवलये स्पष्ट उमटतात, त्यामुळे त्याचे वय मोजता येते. आंबा आणि जांभूळ यांची वलये तितकी भरवशाची नसतात, म्हणून तिथे खोडाचा घेर, जुने गावनकाशे आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी एकत्र धराव्या लागतात. उल्हास नदीच्या काठाने आज टॉवरमागून टॉवर उभे राहत आहेत. त्यांच्या पायाच्या खड्ड्यात एखाद्या बुजलेल्या विहिरीचे चिरे किंवा खापराची नळी दिसली, तर खड्डा भरण्याआधी एक छायाचित्र आणि जागेची नोंद एवढे तरी व्हायला हवे.

आधी मोजणी, मग फरशी

अंबरनाथच्या मंदिर परिसराचे सुशोभीकरण हाती घेतले गेले आहे. महाशिवरात्रीला तिथे लोटणारी गर्दी पाहिली, तर सोयी हव्यातच. पण फरसबंदी, दिवे, भिंती, घाट यांतल्या प्रत्येक कामासाठी जमीन खणावी लागते, आणि तीच जमीन हा पुरावा आहे. एकदा यंत्राने दोन फूट माती उचलली की फिशबर्नचे चर, आग्र्याचा हौद किंवा शनिवारवाड्याची जोती यांसारखे काही तिथे होते का, हा प्रश्न कायमचा बंद होतो.

म्हणून कामाचा क्रम ठरवावा. पाऊस सरल्यावर ड्रोनने छायाचित्रे घ्यावीत. उन्हाळ्यात रडार आणि रेझिस्टिव्हिटीने जमिनीची मोजणी करावी. कुंडाच्या गाळाचे नमुने तज्ज्ञांच्या देखरेखीखाली काढून प्रयोगशाळेत द्यावेत. भूमी अभिलेख कार्यालयातले जुने गावनकाशे आणि १८६८च्या वेळची रेखाचित्रे शेजारी ठेवून पाहावीत. खुणा दिसल्या, तर तेवढ्याच जागी छोटे चर घ्यावेत. या सगळ्याचा खर्च एखाद्या सजावटी प्रवेशद्वाराच्या खर्चापुढे किरकोळ आहे आणि वेळ एका ऋतुचक्राचा. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, नगरपालिका आणि जवळच्या विद्यापीठांचे पुरातत्त्व व भूशास्त्र विभाग यांनी मनावर घेतले, तर हे काम सहज होऊ शकते.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर इथे राहणाऱ्या वाचकांनाही यात हातभार लावता येईल. घरात जुने छायाचित्र असेल आणि त्यात मागे मंदिर, नदीचा काठ, बराकींची ओळ किंवा एखादी वाडी दिसत असेल, तर त्यावर साल आणि जागा लिहून ठेवा आणि त्याची प्रत जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयात द्या.